तापलेल्या तेलाचा इतिहास : श्टेटीनच्या गोदीपासून कळमनुरीच्या रस्त्यापर्यंत

१/
एखाद्या व्हॅनच्या पुढच्या जाळीतून आत पाहिले, तर मोठ्या रेडिएटरच्या पुढे कधीकधी वहीएवढ्या आकाराचा, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक चौकोन दिसतो. त्यातून पाणी वाहत नाही, तेल वाहते. हा स्वयंचलित गिअरबॉक्सचा जादा ऑइल कूलर होय. अनेक गाड्या कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हा तो त्यांच्यावर नसतो. मालक तो मागाहून बसवून घेतो. आजचा धागा या लहानशा चौकोनाच्या इतिहासाविषयी आहे. प्रश्न साधा आहे. जाणत्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन सिद्ध केलेल्या गाडीला गॅरेजात आणखी एक अवयव जोडण्याची वेळ का यावी?

२/
याचे उत्तर गाडीच्या दोषात शोधायचे नाही, ते भूगोलात शोधायचे आहे. प्रत्येक यंत्रात त्याच्या जन्मभूमीचे हवामान दडलेले असते. यंत्राचा आराखडा करणारा माणूस बाहेरची हवा किती तापेल, रस्ता किती चढेल, ओझे किती असेल याचे काही आडाखे बांधतो. ते आडाखे गाडीवर कोठेही लिहिलेले नसतात. यंत्र परमुलखात गेले, की ते एकेक करून उघडे पडू लागतात. हा प्रवास समजून घेण्यासाठी आपण आपले ठाणे मराठवाड्यातील कळमनुरी येथे मांडू.

३/
कळमनुरी हे आज हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाला. पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारा लोहमार्ग कळमनुरी गावाला बाजूला ठेवून जातो. त्यामुळे हिंगोली आणि नांदेड यांच्या दरम्यानच्या या गावाचे जगाशी नाते मुख्यतः रस्त्याने जोडले गेले. जेथे रेल्वे नाही, तेथे मोटारगाडीला अधिक राबावे लागते. आपल्या विषयाची सुरुवात येथूनच होते.

४/
हैदराबाद संस्थानात मोटार वाहतुकीचा पाया रेल्वेनेच घातला. १९३० साली संस्थानाने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि जून १९३२ मध्ये तिच्याच अंगाने ‘निजाम राज्य रेल्वे, रस्ता परिवहन विभाग’ सुरू केला. आरंभी या विभागाकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. देशातील सरकारी मालकीच्या प्रवासी बस वाहतुकीचा हा अगदी प्रारंभीचा प्रयोग. रेल्वे आणि मोटार यांनी एकमेकींशी स्पर्धा न करता एकाच व्यवस्थेचे दोन हात व्हावे, असा त्यामागचा विचार होता.

५/
या विभागाच्या आरंभीच्या बस ‘अल्बियन’ बनावटीच्या होत्या. अल्बियनचा कारखाना स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे होता. १९३२ सालची एक अल्बियन बस हैदराबादेत आजही जतन करून ठेवलेली आहे. ग्लासगोचा उन्हाळा आणि मराठवाड्याचा उन्हाळा यांत किती अंतर आहे, हे सांगायला नकोच. पण त्या अंतराचा यंत्रावर नेमका काय परिणाम होतो, हे आकड्यांत मांडले तर बाब अधिक स्पष्ट होईल. त्यासाठी न्यूटनकडे जावे लागते.

६/
तापलेली वस्तू किती वेगाने निवेल, हे तिच्या आणि भोवतालच्या हवेच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते, असे न्यूटनने १७०१ साली मांडले. आता हिशेब करू. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांवर आहे. बाहेरची हवा २० अंश असेल तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली की तोच फरक ४८ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तीच गाडी. पण उष्णता बाहेर टाकण्याची तिची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. इंजिन मात्र पूर्वीइतकीच उष्णता निर्माण करत राहते. उष्ण प्रदेशांत पाठवायच्या गाड्यांना मोठा रेडिएटर देण्याची रीत पडली, ती याच कारणाने.

७/
रेडिएटरचाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागे. १९०० च्या अखेरीस विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढवायचा, ही त्यामागची युक्ती. आजचा प्रत्येक रेडिएटर आणि आपल्या व्हॅनवरचा तो चौकोन, दोघेही याच कल्पनेचे वंशज आहेत.

८/
रस्त्यावरच्या माणसांनी आपले उपाय शोधले होते. गाडीच्या पुढच्या बंपरला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असे. कापडातून पाणी झिरपे, वाऱ्याने त्याची वाफ होई आणि आतले पाणी गार राही. घरातल्या माठाचे शास्त्र असे मोटारीवर चढून बसले होते. चालकाची तहान भागे आणि गरज पडली तर रेडिएटरचीही. घाट चढून आल्यावर गाडी कडेला लावायची, बॉनेट उघडायचे आणि वाफ शमेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, ही शिस्त चालकांच्या पिढ्यांनी अनुभवाने शिकून घेतली. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा दम लागे तो बैलांना. शतकभराने त्याच चढावर दम इंजिनाला लागू लागला.

९/
या साऱ्या कथेत गिअरबॉक्सचे नाव कोठेच येत नाही, हे लक्षात घ्यावे. कारण सरळ आहे. हाताने बदलायच्या गिअरमध्ये दात दातांत अडकतात आणि इंजिनाची जवळजवळ सारी शक्ती पुढे जाते. वाया जाते ती जेमतेम दोन-चार टक्के. एवढी उष्णता गिअरबॉक्सचे लोखंडी कवच वाऱ्याला सहज देऊन टाकते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली राज्य परिवहनाची पहिली बस असो, की पुढे गावोगावी गेलेला लाल डबा. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चालकांचा संबंध आला तो हाताने बदलायच्या गिअरशीच.

१०/
व्हॅनच्या बाबतीतही तेच. बजाज टेम्पो कंपनीची स्थापना १९५८ साली झाली. जर्मन आराखड्यावर आधारलेली तिची ‘मॅटाडोर’ पुढे इतकी रुळली, की मराठीत मॅटाडोर हे एका गाडीचे नाव न राहता गाडीच्या जातीचे नाव होऊन बसले. वऱ्हाड, भाजीपाला, शाळेची मुले, मिरवणुकीचे सामान. सारे काही तिने वाहिले. तिचा रेडिएटर उकळलेला पाहिलेली माणसे पुष्कळ भेटतील. तिच्या गिअरबॉक्सला कूलर लावलेला पाहिलेला माणूस भेटणार नाही, कारण त्याची गरजच नव्हती. गरज निर्माण केली ती दुसऱ्याच एका शोधाने, आणि तो शोध रस्त्यावर लागला नव्हता. तो लागला जहाजांसाठी.

११/
विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेची टर्बाइने आली. टर्बाइन वेगाने फिरले तरच नीट चालते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोघांची सांगड घालायची कशी? बाल्टिक किनाऱ्याजवळील श्टेटीन येथील व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेरमान फ्योटिंगर या अभियंत्याने १९०५ साली एका उपायाचे पेटंट घेतले. धातूच्या दातांना त्याने फाटा दिला आणि मध्यस्थ म्हणून द्रव वापरला. इंजिनाला जोडलेले एक चक्र द्रवाला वेग देते. तो वेगवान द्रव समोरच्या चक्रावर आदळून त्याला फिरवतो. आणि मधले स्थिर पात्यांचे चक्र द्रवाची दिशा वळवून पीळ वाढवते. हाच आजचा टॉर्क कन्व्हर्टर.

१२/
ही रचना मोठी देखणी आहे. कोठे दात नाहीत, कोठे धक्का नाही. समोरचे चक्र अडून राहिले, तरी इंजिन बंद पडत नाही. पण निसर्गात फुकट काहीच मिळत नाही. दोन चक्रांच्या वेगांत जितका फरक, तितकी शक्ती द्रवाच्या घुसळणीत खर्ची पडते आणि उष्णता होऊन बसते. ताक घुसळताना रवी आणि ताक यांत जे घडते, तेच येथे हजारो पटींनी घडते. १८४० च्या दशकात जेम्स जूलने पाण्यात पाती फिरवून यांत्रिक श्रम आणि उष्णता यांचे नाते मोजले होते. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे त्या प्रयोगाचे, नको असताना सतत चालू राहिलेले, रस्त्यावरचे रूप.

१३/
ही उष्णता किती, हे एका हिशेबाने कळेल. समजा गाडी ओझ्यासह चढावर अडकली आहे, चाके फिरत नाहीत आणि इंजिन ५० किलोवॉट शक्ती देत आहे. चाके थांबलेली असल्याने ती सारी शक्ती तेलात जिरते. गिअरबॉक्समध्ये १० किलो तेल धरले आणि एक किलो तेल एक अंश तापवायला सुमारे २ किलोज्यूल लागतात असे मानले, तर तेलाचे तापमान दर सेकंदाला अडीच अंशांनी चढेल. चाळीस सेकंदांत शंभर अंश! म्हणूनच गाडी जागच्या जागी रोखून गिअरबॉक्सची परीक्षा घेताना ती पाच सेकंदांच्या आत आटोपावी, असा दंडक मेकॅनिक पाळतात.

१४/
आता भूगोल पुन्हा समोर येतो. जहाजावर अशी उष्णता ही मोठी अडचण नव्हती. ज्या जहाजाच्या चारी बाजूंना थंडगार समुद्र आहे, त्याला शीतकाची काय चिंता? मोटारीने हा शोध रस्त्यावर आणला खरा, पण समुद्र बरोबर आणता आला नाही. मोटारीला उरली ती फक्त हवा; आणि हवा पाण्याच्या मानाने उष्णता वाहून नेण्यात फार दुबळी. म्हणजे गिअरबॉक्सचा कूलर हा खरे तर त्या हरवलेल्या समुद्राचा पर्याय आहे.

१५/
सर्वसामान्यांच्या मोटारीत स्वयंचलित गिअर पोहोचला तो अमेरिकेत. जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांवर तो बसवला. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यावर चढला. चालकाला क्लच आणि गिअर यांतून मोकळे केले की त्याचे लक्ष रस्त्यावर राहते, हे लष्कराने ओळखले होते. १९४८ मध्ये ब्यूइकने टॉर्क कन्व्हर्टरवर चालणारा ‘डायनाफ्लो’ आणला. त्यात गाडी इतकी मऊ चालायची, की गिअर बदलल्याचे जाणवतच नसे. त्या मऊपणाची किंमत इंधनाने आणि तेलाच्या उष्णतेने चुकती केली जात होती.

१६/
या तेलाला निववण्याची एक रीत पुढे रूढ झाली. गिअरबॉक्सचे तेल नळीने इंजिनाच्या रेडिएटरपर्यंत आणायचे आणि त्याच्या टाकीत बुडवलेल्या लहान कूलरमधून फिरवून परत पाठवायचे. यात एक चतुराई आहे. हिवाळ्यात पाणी तेलाला ऊब देते आणि उन्हाळ्यात त्याची उष्णता काढून घेते. डेट्रॉइटच्या बर्फाळ सकाळी ही सोय अमोल ठरते. पण तिला एक मर्यादा आहे. टाकीतले पाणी स्वतःच ८०-९० अंशांवर असेल, तर तेल त्याहून थंड होणार कसे? जो स्वतः तापला आहे, तो दुसऱ्याला काय निववणार?

१७/
तेल तापले तर बिघडते काय? १८८९ साली स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे नाते सूत्रात बसवले. त्यावरून निघालेला ढोबळ ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेलाचा हवेशी संयोग होऊन ते नासणे ही अशीच एक क्रिया. म्हणजे ९० अंशांऐवजी ११० अंशांवर काम करणारे तेल सुमारे चौपट वेगाने म्हातारे होते. लालसर तेल काळपट पडते, जळका वास येतो, रबराच्या सील कडक होतात, क्लचच्या चकत्या घसरू लागतात. घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते, आणि मग दुष्टचक्र थांबत नाही.

१८/
जादा कूलर येथे कामाला येतो. रेडिएटरच्या टाकीतून बाहेर पडलेले तेल गिअरबॉक्सकडे परतत असते. त्या परतीच्या वाटेवर हवेने निवणारा दुसरा कूलर जोडायचा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग हवा. उलटे केले, तर हवेने निववलेले तेल पुन्हा तापल्या पाण्याजवळ जाईल. अमेरिकेत मागे ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांसाठी ही जोडणी इतकी आवश्यक ठरली, की ओझे ओढण्यासाठीच्या खास सामग्रीत कंपन्याच तिचा समावेश करू लागल्या. तेथे ट्रेलर हा अपवाद होता. गाडीच्या नेहमीच्या कामापलीकडचे ते ओझे होते.

१९/
कळमनुरीत मात्र ज्याला तिकडे अपवाद म्हणतात, तो नित्याचा व्यवहार आहे. हा हळदीचा मुलूख. पोत्यांनी भरलेले वाहन, लग्नसराईत भरगच्च बसलेले वऱ्हाड, बाजारपेठेतली रांगत चालणारी वाहतूक आणि डोक्यावर चाळिशी ओलांडलेले ऊन. गाडी सावकाश चालते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधली घसरण अधिक होते आणि समोरून येणारा वारा कमी होतो. म्हणजे उष्णता वाढते नेमक्या त्या वेळी, जेव्हा तिला बाहेर काढणारा दुबळा असतो. त्यात वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसून आपली उष्णता त्याच वाऱ्यात मिसळतो. न्यूटनचा फरक आणखी आक्रसतो. शीतप्रदेशातल्या आराखड्यात ज्या चार गोष्टी क्वचित एकत्र येतात, त्या येथे मे महिन्यात रोज एकत्र येतात.

२०/
उष्णता झाल्यावर ती काढून टाकणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे ती होऊच न देणे. १९४९ साली पॅकार्ड कंपनीने ‘अल्ट्रामॅटिक’ गिअरबॉक्समध्ये एक क्लच बसवला. गाडीने वेग घेतला की तो टॉर्क कन्व्हर्टरच्या दोन्ही चक्रांना एकमेकांशी घट्ट जखडून टाकी. घसरण संपली, की उष्णताही संपली. स्वस्त पेट्रोलच्या काळात या युक्तीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७३ च्या तेलसंकटाने दृष्टी पालटली. १९७८ मध्ये क्रायस्लरने ती पुन्हा आणली आणि पुढे ती सर्वमान्य झाली. हीच दिशा भारतातील एका अभियंत्याने मात्र तेलसंकटाच्या कितीतरी आधी धरली होती.

२१/
त्यांचे नाव मनमोहन सुरी. भारतीय रेल्वेतील या अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी ‘सुरी ट्रान्समिशन’ नावाने ओळखली जाणारी रचना केली. गाडी हलवताना प्रचंड पीळ लागतो, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर. आणि वेग आल्यावर त्याला बाजूला सारून कमी शक्ती वाया घालवणारी जोडणी, हे तिचे तत्त्व. ज्या देशात परकीय चलन जपून वापरावे लागे, तेथे डिझेलचा प्रत्येक थेंब महत्त्वाचा होता. आणि वाया जाणारी उष्णता म्हणजे जळून गेलेले डिझेलच. सुरी यांना १९६१ मध्ये पद्मश्री आणि १९६२ मध्ये अभियांत्रिकीसाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

२२/
या कथेला महाराष्ट्राचेही एक अंग आहे. रेल्वे इंजिनांसाठी द्रवचालित गिअरबॉक्स बनवण्याचे काम पुण्याजवळ हडपसर येथील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने केले. १९५८ साली स्थापन झालेली ही कंपनी एकीकडे शीतकरणाची यंत्रे बनवी आणि दुसरीकडे तेल तापवणारी ही यंत्रे. उष्णतेच्या जमाखर्चाची दोन्ही पाने एकाच छपराखाली लिहिली जात होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

२३/
सुरी पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्याच संस्थेत ‘स्वराज’ ट्रॅक्टरचा देशी आराखडा घडला. मराठवाड्याच्या शिवारातही हे नाव अनोळखी नाही. रेल्वेचा गिअरबॉक्स आणि शेतातला ट्रॅक्टर यांना जोडणारा धागा एका दृष्टीचा आहे. यंत्र ज्या मातीत राबणार, त्या मातीचा विचार आराखड्याच्या कागदावरच व्हावा. मागाहून ठिगळ लावावे लागू नये, ही ती दृष्टी.

२४/
मग ठिगळ कमी प्रतीचे मानावे काय? मुळीच नाही. आराखडा बदलायला दशके लागतात. हंगाम तेवढा थांबत नाही. मात्र ठिगळही जाणतेपणाने लावावे लागते. हल्ली ज्याला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, त्या सर्व गाड्या एका जातीच्या नसतात. २०१४ नंतर आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आलेल्या ‘एएमटी’ पद्धतीत गिअर नेहमीचेच असतात, फक्त ते बदलण्याचे काम यंत्र करते. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे अशा कूलरचे प्रयोजनही नाही. जेथे तो हवा, तेथे तेलाला टिकणारी नळी, घट्ट जोड, हादरे सोसणारी पक्की बैठक आणि वाऱ्याची वाट मोकळी ठेवणारी जागा, एवढे पाहावे लागते. कूलर लोंबकळून नळी फाटली, तर तेल तापण्याआधीच रस्त्यावर सांडेल.

२५/
विजेच्या गाड्या आल्यावर हा अध्याय मिटेल, असे काहींना वाटते. टॉर्क कन्व्हर्टर जाईल, हे खरे. उतारावर वाया जाणारी शक्ती परत मिळवण्याची त्यांची युक्तीही उत्तम आहे. बोरघाटात ती जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच वापरात आली होती. त्या घाटात आलेली विजेची मालगाडी इंजिने उतरताना वीज निर्माण करून तारेत परत सोडत. पण बॅटरीलाही तापणे मानवत नाही. ती तर तेलाहून नाजूक. शीतप्रदेशाचे आडाखे घेऊन बनवलेली बॅटरी कळमनुरीच्या उन्हात उभी राहील, तेव्हा तोच जुना प्रश्न नव्या कपड्यांत समोर येईल. आराखडा कोणाच्या उन्हाळ्यासाठी केला आहे?

२६/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी येथे एक काम शिल्लक आहे. फ्योटिंगरचे पेटंट दप्तरात आहे, मायबाखच्या नळ्यांची संख्यासुद्धा नोंदलेली आहे. परंतु आगारांत आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत ज्यांनी परदेशी यंत्रांना इथल्या उन्हात जगवले, त्यांच्या युक्त्या बहुधा कागदावर आल्याच नाहीत. कोणत्या रेडिएटरला पंख्याचे जादा पाते लावले, कोणती नळी वळवून वाऱ्यात आणली, कोणते तेल कोणत्या महिन्यात बदलले, हे ज्ञान हातांत राहिले. आणि हात थकले की ते जाते.

२७/
म्हणून या धाग्याचा शेवट एका विनंतीने करतो. तुमच्या तालुक्यात एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक असतील, जुने मॅटाडोर चालक असतील, हयातभर रेडिएटरला डाग देणारे कारागीर असतील. त्यांच्याजवळ बसा, वही उघडा, तारीख आणि गावाचे नाव घालून त्यांचे म्हणणे टिपून घ्या. किल्ल्याच्या ढासळलेल्या बुरुजाइतकेच तेही इतिहासाचे साधन आहे. बुरूज तरी दगडाचा असल्याने काही काळ थांबेल. माणसे थांबत नाहीत.